अंगणात वन्यप्राणी वारंवार मरून पडत असतील तर : काय पाहावे, कोणत्या क्रमाने आणि कुठे थांबावे

लक्षणे

परसात मेलेला प्राणी बहुतेक वेळा डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळतो. सडका, किंचित गोडसर वास पहाटे जास्त येतो आणि ऊन चढले की नाहीसा झाल्यासारखा वाटतो. एकाच जागी हिरव्या-निळ्या चकचकीत माश्या घोंघावतात. मुंग्यांची रांग नेहमीची वाट सोडून भिंतीच्या फटीकडे वळते. कावळे एका झाडावर जमून ओरडत राहतात, मोकाट कुत्री एकाच कोपऱ्यात उकरतात, घरचे मांजर लाकडांच्या ढिगापाशी बसले की हलत नाही. टाकीच्या पाण्याला वास येऊ लागतो. कधी कधी सकाळी दार उघडल्यावर प्राणी समोरच पडलेला असतो. हे एकदा घडले तर तो योगायोग असू शकतो; परंतु सहा महिन्यांत दुसऱ्यांदा घडले, तर आपल्या आवारात किंवा शेजारी मरणाचे एखादे कारण ठाण मांडून आहे असे मी धरून चालते.

साताऱ्यात यवतेश्वरच्या पायथ्याशी, वस्तीच्या टोकाला आमचे घर आहे आणि कुंपणापलीकडे लगेच डोंगराचा झाडोरा सुरू होतो. गेल्या चौदा वर्षांत या परसात मी मुंगूस, उदमांजर, वटवाघूळ, गव्हाणी घुबड, खार, धामण, घोणस आणि एकदा वानर मरून पडलेले पाहिले आहे. सुरुवातीची काही वर्षे मी नाकाला पदर लावून, फावड्यावर घेऊन ते कुंपणापलीकडे टाकून देत असे. मग एका पावसाळ्यात पाच आठवड्यांच्या आत दोन मुंगसे, एक घुबड आणि शेवटी आमचे मांजर असे चार जीव गेले, आणि पशुवैद्यांनी मांजराच्या हिरड्या दाखवल्या तेव्हा समजले की पहिल्या मुंगसाच्या तोंडाशीही तसेच रक्त होते. मी ते पाहिले होते आणि त्याचा अर्थ न लावता मुंगूस फेकून दिले होते. तेव्हापासून आमच्याकडे हलवण्याआधी पाहण्याची शिस्त आहे. पुढील तपासण्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत : ज्यांना पैसा लागत नाही आणि अंतरही राखता येते त्या आधी, खर्चाच्या आणि धोक्याच्या नंतर.

नुसता वास असेल तर आधी गॅस

प्राणी दिसत नसेल आणि वास घरातच असेल, तर उंदीर शोधण्यासाठी माळ्यावर चढण्याआधी स्वयंपाकघरातला सिलिंडर पाहावा. गळती ओळखू यावी म्हणून गॅसमध्ये मुद्दाम दुर्गंधी मिसळलेली असते आणि ती कुजक्या वासासारखीच असते. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणून ओट्याखाली वाकल्यावर वास वाढत असेल तर शंका पक्की धरावी. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे एकही बटण चालू किंवा बंद करू नये आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिच्या चुकीला दुरुस्ती नाही.

गॅस नसेल तर पहाटे शोध घ्यावा. त्या वेळी वारा पडलेला असतो आणि वास उगमाजवळ जमिनीलगत रेंगाळतो. दुपारी तोच वास वर उचलला जाऊन पसरतो व माणूस भलत्याच कोपऱ्यात शोधत बसतो. चिचुंद्री जिवंत असतानाही उग्र वास मारते, त्यामुळे माश्या नाहीत आणि वास रोज जागा बदलतो आहे असे असेल तर मेलेले काही नसण्याचीच शक्यता अधिक असते.

तो खरोखर मेला आहे का

दहा-बारा फुटांवर उभे राहून दहा मिनिटे नुसते पाहावे. बरगड्या हलतात का, कानाजवळ माशी बसल्यावर कान थरथरतो का, डोळ्यांवर माश्या बसू लागल्या आहेत का, हे एवढ्या अंतरावरून नीट दिसते. काचेवर आपटलेले घुबड किंवा खंड्या तासभर निपचित पडून नंतर उडून गेल्याचे मी दोनदा पाहिले आहे. अशा पक्ष्याला पाणी पाजू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांततेत ठेवून वनखात्याला कळवावे.

सापाबाबत नियम वेगळा आहे आणि तो घरातल्या मुलांना पाठ करून द्यावा. मेलेल्या सापाच्या, एवढेच नव्हे तर धडावेगळ्या झालेल्या डोक्याच्या जबड्यातही चावण्याची क्रिया बऱ्याच वेळपर्यंत शिल्लक राहते आणि विषग्रंथी भरलेल्याच असतात. आमच्या गल्लीत फावड्याने मारलेल्या घोणशीचे डोके एक मुलगा चपलेने उलटवायला निघाला होता. त्याला हाताला धरून मागे ओढल्याची आठवण आजही अंगावर काटा आणते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत आणि मेलेला साप कोणता हे खात्रीने सांगता येईल इतकी नजर फार थोड्यांची असते. दंश झाला, मग तो मेलेल्या सापाचा का असेना, तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालयात जावे. कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये.

वर पाहा, मग खाली

ही तपासणीही फुकट आहे, आणि माणसांचे जीव जाण्याची सर्वांत मोठी भीती इथेच असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. वटवाघूळ, वानर, खार, मोर किंवा मोठा पक्षी मेलेला दिसला की पहिल्यांदा डोक्यावरच्या तारांकडे पाहावे. वटवाघळाचे पंख रुंद असल्यामुळे दोन तारांना एकाच वेळी स्पर्श होतो आणि ते अनेकदा तारेलाच लोंबकळत राहते. वानर खांबावरून तारेवर झेप घेते तेव्हा तेच होते. शरीरावर करपलेला ठिपका, जळक्या केसांचा वास, आखडलेली बोटे या खुणा असल्या तर वीज हेच कारण धरावे.

आमच्याकडे वानर पडले ती सकाळ पावसाची होती. त्याचा एक हात घराकडे येणाऱ्या तुटक्या सर्व्हिस वायरला टेकलेला होता. शेजारचा तरुण ओला बांबू घेऊन त्याला बाजूला ढकलायला निघाला. बांबू सुका असता तरी त्याच्यावर विसंबणे चुकीचे होते. ओल्या बांबूतून तर वीज हातापर्यंत आलीच असती. आम्ही सर्वांना मागे घेतले आणि फोन केला. वायरमनने येऊन पुरवठा तोडल्यावर दिसले की आमच्याच आंब्याची फांदी कित्येक महिने वाऱ्याने वायरवर घासत होती आणि त्यामुळे तिचे वेष्टण सोलले गेले होते. फांदी वेळेवर छाटली असती तर वानराचा जीव वाचला असता.

तार तुटून पडली असेल, किंवा प्राणी तारेला अथवा तारेच्या कुंपणाला चिकटलेला असेल, तर किमान तीस फुटांवर थांबावे. ओल्या जमिनीतूनही वीज पसरते आणि दोन पावलांमधल्या अंतरानेसुद्धा झटका बसू शकतो. १९१२ वर वीजपुरवठ्याची तक्रार नोंदवावी आणि पुरवठा बंद केल्याचे वायरमनने समक्ष सांगेपर्यंत कोणालाही पुढे जाऊ देऊ नये. शेताच्या कडेला रानडुक्कर किंवा दुसरा प्राणी तारेजवळ मेलेला आढळला, तर कुणीतरी कुंपणात बेकायदा वीज सोडली असल्याची शंका घ्यावी. उसाच्या पट्ट्यात रात्री पाणी धरायला जाणारी माणसे अशाच तारांना बळी पडतात, म्हणून इथे भिडेखातर गप्प बसू नये.

प्राणी कोणता, आणि त्याला हात लावण्याचा अधिकार कोणाला

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधील कलम ३९ प्रमाणे, मृतावस्थेत सापडलेला वन्यप्राणीही शासनाची मालमत्ता असतो, आणि तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. याचा सरळ अर्थ असा की आपल्या अंगणात पडले म्हणून ते शरीर आपले होत नाही. नख, कातडे, काटा, मांस यांपैकी काहीही काढून ठेवणे गुन्हा ठरू शकतो. साळिंदराचा काटा लेखणी म्हणून ठेवणारी किंवा घोरपडीच्या अवयवांना औषध समजणारी माणसे सहसा दुष्ट नसतात, त्यांना कायदा माहीत नसतो. परंतु घोरपड, खवले मांजर, मोर आणि बिबट्या हे तर अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाखाली आहेत.

म्हणून दुरूनच दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत : एक जवळ आणलेले, एक आजूबाजूची जागा दिसेल असे, आणि वर तारा असतील तर त्यांचे. मग वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा आणि गाव किंवा पेठ, ओळखीची खूण, प्राणी कोणता वाटतो, केव्हा दिसला, जवळ तारा किंवा पाणी आहे का, गर्दी जमली आहे का, हे सांगावे. वनरक्षक येईपर्यंत कुत्री व कावळे ओढू नयेत म्हणून लहान प्राण्यावर कोंबड्यांचे डालगे किंवा पाटी उपडी घालून वर दगड ठेवावा. मोठ्या प्राण्याचा पंचनामा होतो आणि पशुवैद्यक शवविच्छेदन करतात. म्हणूनच जागेवरचे ठसे, फरफटल्याच्या खुणा, सांडलेले रक्त हे सर्व जसेच्या तसे राहिले पाहिजे.

नाग मेलेला आढळला तर त्याला अग्नी देण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि बत्तीस शिराळ्याच्या मुलखात नागाविषयीचा जिव्हाळा काय असतो हे सांगायला नको. ती भावना मला परकी नाही. आमच्या सासूबाईंनीही असा नाग परस्पर जाळण्याचा आग्रह धरला होता; वनरक्षकाच्या समोर हळद-कुंकू वाहून त्यांनी हात जोडले, आणि मग त्याने शरीर नेले.

घरातला उंदीर, घूस आणि चिचुंद्री यांच्यासाठी मात्र वनखात्याला बोलावण्याची गरज नसते. त्यांची विल्हेवाट स्वतः लावता येते, ती पुढे सांगितली आहे.

एकच आहे की अनेक

ज्यांच्या घरी एकच प्राणी पडला आहे ते ही पायरी गाळतात आणि तिथेच फसतात. अंगणात एक उंदीर दिसला तरी शेजारच्या चार घरांत विचारून यावे. काहीही विष न टाकता एका भागात उंदीर पटापट पडू लागले, तर जुन्या माणसांना प्लेगची आठवण होते आणि ती योग्यच असते. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेगचे रुग्ण आढळले होते. उंदीर गार पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे उबदार शरीर शोधतात. अशा वेळी उंदराला हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.

कावळे, बगळे, कोंबड्या किंवा साळुंक्या एकाच आठवड्यात अनेक मेल्या तर बर्ड फ्लूची शंका घेऊन पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर फोन करावा. महाराष्ट्रात हा रोग पहिल्यांदा २००६ मध्ये नवापूरला आढळला आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्याच्या अनेक भागांत कावळे व बगळ्यांतही तो दिसला. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात, आणि त्यासाठी ताजे शरीर लागते. आपण ते पुरून टाकले तर निदानच होत नाही. सातारा-सांगलीत कुक्कुटपालनावर इतक्या घरांचा संसार चालतो की एका कावळ्याची नोंद वेळेवर होणे हेही मोठे काम आहे.

वानर किंवा माकड मेले आणि वर तारा नसतील, तर माकडतापाचा विचार करावा. हा रोग १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला आणि २०१६ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात त्याचे रुग्ण आढळत आले आहेत. तो सह्याद्रीचाच पट्टा आहे. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपासच्या पाचोळ्यात पसरतात, म्हणून इथे धोका शरीरापेक्षा त्याच्याभोवतीच्या जमिनीत जास्त असतो. तिथे मुले, गुरे आणि कुत्री जाऊ देऊ नयेत, आणि वनखात्याबरोबर आरोग्य केंद्रालाही कळवावे.

शरीर काय सांगते

आता पाच-सहा फुटांपर्यंत जावे, पण हात लावू नये. माश्यांची पांढरी अंडी दिसत असतील तर उन्हाळ्यात मृत्यू काही तासांतला समजावा. अळ्या वळवळत असतील तर साधारण एक दिवस उलटून गेला आहे.

नाक, तोंड आणि गुदद्वारातून काळसर, न गोठलेले रक्त येत असेल, विशेषतः हरीण किंवा गुरासारखा प्राणी असेल, तर काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकते. तिथे लगेच मागे फिरावे. हे शरीर उघडले तर जंतू मातीत मिसळून अनेक वर्षे टिकतात, म्हणून कुणालाही कातडे काढू देऊ नये.

अर्धवट खाल्लेले हरीण, कुत्रे किंवा शेळी कुंपणाशी पडलेली असेल, गळ्यावर सुळ्यांची भोके आणि मातीत फरफटल्याची रेघ असेल, तर ती बिबट्याची शिकार असू शकते आणि बिबट्या राहिलेले खाण्यासाठी परत येतो. कराड, पाटण, शिराळा या उसाच्या भागांत, आणि ऊसतोडीच्या महिन्यांत तर अधिकच, ही शक्यता खरी मानावी. शिकार उचलून टाकल्याने बिबट्या जात नाही, तो शोधत फिरतो. मुले व जनावरे आत घ्यावीत, बाहेरचा दिवा लावावा आणि पुढचे वनखात्यावर सोडावे.

उरते विष, आणि वारंवार घडणाऱ्या मृत्यूंत मला सर्वाधिक वेळा सापडलेले कारण हेच आहे. बाजारात मिळणाऱ्या उंदीर मारण्याच्या रंगीत वड्यांमधले ब्रोमाडायोलोन रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडते. उंदीर वडी खाऊन लगेच मरत नाही. तो तीन ते सात दिवस जगतो, दिवसेंदिवस मंद होत जातो आणि उघड्यावर येऊन बसतो. असा उंदीर पकडायला सोपा, म्हणून तो मुंगसाच्या, घुबडाच्या, धामणीच्या आणि मांजराच्या तोंडी जातो, आणि असे दोन-चार उंदीर खाल्ले की खाणारा आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. हिरड्यांतून आणि नाकातून पातळ रक्त, त्वचेखाली काळे-निळे डाग आणि बाहेर जखम नाही, ही त्याची खूण आहे. आमच्या शेजारच्या काकांनी धान्याच्या खोलीत वड्या ठेवल्या होत्या. त्यांनी त्या उंदरांसाठीच ठेवल्या होत्या, आणि उंदीर खाणारे प्राणी आमच्या अंगणात येऊन मरत होते. ज्या घुबडाची जोडी रोज रात्री त्यांच्या कौलावरून उंदीर उचलत होती, तिच्यातले एक त्याच वड्यांनी गेले, आणि पुढच्या हंगामात त्यांचे उंदीर वाढले.

झिंक फॉस्फाइड ही काळी भुकटी याहून वेगळी आहे. तिचा जठरातल्या आम्लाशी संबंध आला की फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो. मेलेल्या प्राण्याजवळ लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येत असेल तर वर वाकून पाहू नये, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहावे आणि पशुवैद्यकांना कळवावे. घरच्या कुत्र्या-मांजराने असा प्राणी चघळला असेल तर लक्षणांची वाट पाहण्यात वेळ घालवू नये. ब्रोमाडायोलोनवर जीवनसत्त्व के-१ हा उपाय असतो, पण तो वेळेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावा लागतो. आमच्या मांजराला आम्ही दोन दिवस उशिरा नेले.

कोणाचा स्पर्श झाला आहे का

कोल्हा, मुंगूस आणि कुत्रा यांना रेबीज होतो आणि मृत्यूनंतरही काही काळ त्यांच्या लाळेत व मेंदूत विषाणू असू शकतो. मृत प्राण्याची लाळ जखमेला किंवा डोळ्याला लागली असेल, किंवा मरण्याआधी तो कुणाला चावला असेल, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी, हळद किंवा मिरची भरू नये आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर बचाव जवळजवळ नसतो, म्हणून ‘उद्या पाहू’ हा शब्द इथे चालत नाही. कुत्र्याने प्राणी ओढला असेल तर त्याच्या लसीची तारीख तपासून पशुवैद्यकांना विचारावे.

उचलणे आणि पुरणे

हे फक्त उंदीर, घूस, चिचुंद्री यांच्यासाठी, किंवा वनखात्याने स्पष्टपणे तसे सांगितले असेल तेव्हा. पायांत गमबूट, हातांत रबरी मोजे, तोंडाला मास्क. प्लास्टिकची जाड पिशवी हातावर उलटी चढवून त्याच हाताने प्राणी धरावा आणि पिशवी सुलटी करून गाठ मारावी, म्हणजे शरीराला स्पर्श होत नाही. खड्डा किमान तीन फूट खोल, विहीर किंवा बोअरपासून शंभर फूट दूर आणि उंचवट्यावर असावा. सांगलीकडच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात खड्डा खणता खणताच पाणी लागते, तिथे जागा बदलावी, पाण्यात पुरू नये. पिशवी खड्ड्यात तशीच पुरू नये, शरीर तिच्यातून खाली सोडावे. वरून चुन्याची भुकटी, मग माती, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड व बाभळीच्या फांद्या. टायर किंवा रॉकेल घालून जाळू नये. घंटागाडीतही टाकू नये, कारण कचरा हाताने वेगळा करणाऱ्या माणसाला पिशवीत काय आहे हे माहीत नसते.

फरशी धुण्यासाठी एक लिटर पाण्यात साधारण तीस ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मिसळून ते पाणी फरशीवर वीस मिनिटे ठेवावे. टीसीएलमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरिन वायू निघतो.

टाकी, विहीर आणि पूर

पाण्याला वास आला की मोटर व खालचा कॉक बंद करावा आणि पिण्याचे पाणी दुसरीकडून आणावे. आमच्या सिमेंटच्या टाकीत खार पडली होती. झाकणाला चार बोटे फट होती आणि उन्हाळ्यात तहानलेला प्राणी एवढ्या फटीतूनही उतरतो. आम्ही दोन दिवस ते पाणी प्यालो. प्राणी जाळीने काढून पाणी पूर्ण सोडून द्यावे, टाकी घासावी आणि पुन्हा भरून एक हजार लिटरला साधारण दीडशे ग्रॅम टीसीएल टाकून चोवीस तास ठेवावे. हे पाणी पिऊ नये, सोडून द्यावे. त्यानंतर भरलेल्या पाण्यात नेहमीची मात्रा, म्हणजे एक हजार लिटरला अडीच ग्रॅम, टाकून तासभर थांबावे. टीसीएलचे पोते उघडे राहिले तर त्याची ताकद उतरते, म्हणून गावच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट करून घ्यावी. पाण्याला पिवळी छटा आली तर क्लोरिन आहे असे समजते.

विहिरीत मात्र कोणीही उतरू नये. कुजणाऱ्या शरीरामुळे आणि कोंडलेल्या हवेमुळे तळाशी प्राणवायू कमी असतो, आणि पहिला बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो. दोर आणि गळाने वरून प्राणी निघत नसेल तर अग्निशमन दलाला १०१ वर बोलवावे.

कृष्णेच्या काठच्या लोकांना २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कुंपणांत अडकलेली शरीरे काय असतात हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा चिखलात उंदराच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जंतू असतो आणि तो पायाच्या साध्या भेगेतून शिरतो. अनवाणी साफसफाई करू नये, आणि त्यानंतर ताप व पोटऱ्या दुखणे सुरू झाले तर डॉक्टरांना पुराच्या चिखलात काम केल्याचे आवर्जून सांगावे.

स्वतःचे काम कुठे थांबवायचे

तार जवळ असेल, साप असेल, बिबट्याची खूण असेल, वानर असेल, अनेक पक्षी किंवा उंदीर असतील, न गोठलेले रक्त किंवा लसणासारखा वास असेल, विहीर असेल, किंवा प्राणी मांजरापेक्षा मोठा असेल, तर फोन केल्यानंतर आपले काम फक्त लोकांना दूर ठेवण्याचे आहे. वनरक्षक यायला तीन तास लागले तरी हा नियम बदलत नाही. भिंतीच्या पोकळीत किंवा फॉल्स सीलिंगमध्ये उंदीर मेला असेल आणि वास दोन आठवड्यांनंतरही उतरला नसेल, तर भिंत फोडण्याआधी कीटकनियंत्रण करणाऱ्या माणसाला बोलवावे. त्याच्याकडे छोट्या भोकातून आत पाहण्याचा कॅमेरा असतो आणि त्याचे शुल्क गवंड्याच्या खर्चापेक्षा सहसा कमी पडते.

पुन्हा घडू नये म्हणून

विषाऐवजी पिंजरा, आणि धान्याला पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी, एवढ्याने आमच्या बाजूचे अर्धे मृत्यू थांबले. शेजारच्या काकांशी बोलणे मला सर्वांत अवघड गेले. मी त्यांना दोष दिला नाही, मांजराच्या शवविच्छेदनाचा कागद दाखवला आणि कोठीचा अर्धा खर्च आम्ही उचलला. तारांजवळच्या फांद्या दर मे महिन्यात, पुरवठा बंद करून घेऊन, छाटाव्यात. विहिरीला जाळी, टाकीला घट्ट झाकण आणि पाण्याच्या प्रत्येक पिंपात एक तिरकी खडबडीत काठी असावी, म्हणजे पडलेली खार चढून येते. फळझाडांवरच्या नायलॉनच्या जाळीत धामण अडकून उन्हात मरते. जाळी लावायचीच असेल तर ती जमिनीपासून दोन फूट वर बांधावी. चिकट सापळे मुळीच वापरू नयेत, त्यांत उंदरापेक्षा पाली आणि चिमण्याच अधिक सापडतात.

फडताळात एक वही ठेवलेली आहे. तिच्यात तारीख, प्राणी, परसातली नेमकी जागा, शरीरावरची खूण आणि कोणाला कळवले ते लिहितो. आंब्याखालच्या नोंदी एकत्र वाचल्यावर वायर लक्षात आली आणि मागच्या भिंतीलगतच्या नोंदींनी धान्याची खोली दाखवली. या पावसाळ्यात तिच्यात दोनच नोंदी झाल्या : मांजराने मारलेली एक खार, आणि एक धामण, जी रस्त्यावर गाडीखाली सापडून आमच्या फाटकापर्यंत येऊन मेली.